डोंगरावर लिहिताना काय सांगावं आणि काय राखावं

तुम्ही विचारलंत ते थोडक्यात असं. तुम्ही साताऱ्यात राहता, काही वर्षं मित्रांबरोबर डोंगर भटकताय, दोर लावून कडे चढायलाही शिकलात. आता यावर मराठीत लिहायचं आहे. जावळीच्या खोऱ्यात तुम्हाला एक धबधबा आणि त्याच्या डोक्यावरचा फुलांचा सडा, म्हणजे खडकाळ पठार, सापडलाय. तिथे अजून कुणी फारसं फिरकत नाही. त्याची वाट लेखात द्यावी की नाही यावरून तुमच्या गटात दोन तट पडलेत. शिवाय नुसतं 'इतक्या वाजता निघालो, तितक्या वाजता पोचलो' यापलीकडे जाणारं लिहावं कसं, आणि अशा लिहिण्याने डोंगराचं भलं होतं का, हेही तुम्हाला हवंय.

वाटेचं आधी सांगतो. देऊ नका. धबधब्याचं नाव नको, गावाचं नको, आणि फोटोत मागे ओळखीचा डोंगर येत असेल तर तो फोटोही नको. मोबाइलने काढलेल्या फोटोच्या आत जागेचे अक्षांश-रेखांश साठवलेले असतात, ते सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. तुमचे जे मित्र म्हणतात की डोंगर कुणाच्या मालकीचा नाही, सगळ्यांना बघू दे, त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण इथे वाद हक्काचा नाही. ती जमीन किती पावलं सोसेल एवढाच प्रश्न आहे, आणि सड्याइतकी कमी सोसणारी जमीन आपल्या भागात दुसरी नाही.

हे नीट समजून घ्या, कारण सड्यावर लिहिणाऱ्या बहुतेकांनी सडा वाकून पाहिलेला नसतो. पावसाने बेसाल्ट युगानुयुगे कुजला, त्यातलं विरघळणारं ते वाहून गेलं, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं आणि त्याचं टणक कवच झालं. तो जांभा. त्या कवचावर माती म्हणाल तर खळग्यांत चार बोटं, कुठे वीतभर, बाकी नुसता दगड. पाणी चटकन मुरत नाही, म्हणून मृग-आर्द्रात जागोजाग उथळ डबकी साचतात. प्रत्येक खळग्याची खोली वेगळी आणि त्यातली वस्तीही वेगळी. जिथे मातीचा पातळ ओला थर आहे तिथे गेंद आणि सीतेची आसवे. या मातीत पोषण जवळजवळ नाहीच, म्हणून सीतेच्या आसवांची झाडं आपल्या बारीक पिशव्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून ती उणीव भरून काढतात. जरा खोल डबक्यात वायतुरा येतो. त्याचं शास्त्रीय नाव ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस. १९८२ साली त्याचं शास्त्रीय वर्णन झालं, आणि साऱ्या जगात तो सह्याद्रीच्या मोजक्याच सड्यांवर उगवतो. त्याचा कंद त्या चार बोटं मातीत अख्खा उन्हाळा काढतो.

आता त्या सड्यावर जूनच्या अखेरीला एक जीप आली असं समजा. चाकाची चाकोरी पडते, डबक्याचं पाणी त्या चाकोरीने उताराला लागतं, आणि दोन पावसाळ्यांत खळग्यातली मातीही त्याच वाटेने जाते. कंद उघडा पडतो. पुढच्या वर्षी तिथे दगड असतो. पायांनीही हेच होतं, फक्त सावकाश. तंबूसाठी, चुलीसाठी कुणी दगड उचलून गोळा केले की त्यांच्याखाली दडलेले बेडूक, देवगांडुळं, विंचू यांचं छप्पर जातं. विषारी फुरसंही अशाच दगडांखाली असतं, हे त्या हौशी माणसाच्या हिताचं म्हणून सांगतो.

फुलांचं कास पठार तुम्ही जवळून पाहिलंय. २०१२ साली पश्चिम घाटातली एकोणचाळीस ठिकाणं जागतिक वारसा झाली. त्यांतली महाराष्ट्रातली चार म्हणजे कास, कोयना अभयारण्य, चांदोली आणि राधानगरी. त्यानंतर कासला जी गर्दी लोटली तिचा आधी कुणाला अंदाज नव्हता. मग दिवसाला तीन हजारांची मर्यादा आली, आगाऊ नोंदणी आली, आसपासच्या गावांची समिती आली. कुंपण घालावं की नाही यावर मोठा वाद झाला. कुंपणाने गुरांची चराई थांबते, गवत माजतं आणि बुटकी फुलं दबतात, असं म्हणणारे लोक होते, आणि मला त्यांचं म्हणणं वजनदार वाटतं. पण वाद घालायला का होईना, तिथे माणसं आहेत. हंगामात फुलांत पाय टाकलात तर शिट्टी वाजवणारा गावकरी आहे. तुमच्या सड्यावर कोण आहे? पावसात गुरं घेऊन जाणारा एखादा म्हातारा. शनिवारी शंभर गाड्या आल्या तर तो काय करणार?

म्हणून मी स्वतःपुरता एक ठोकताळा धरतो. जिथे सांभाळणारा माणूस उभा आहे, त्या जागेबद्दल मोकळेपणाने लिहायचं. ठोसेघर, भांबवलीचा वजराई, सज्जनगड, प्रतापगड यांवर लिहा. कोयनेच्या जंगलातल्या वासोटा किल्ल्यावर तर जरूर लिहा. बामणोलीला वनखात्याची परवानगी काढायची, लाँचने शिवसागर जलाशय ओलांडायचा, नोंद करून जंगलात शिरायचं, मुक्काम न करता त्याच दिवशी संध्याकाळच्या आत पाण्यावर परतायचं. पावसाळ्यात ते बंदच. अभयारण्यात विनापरवाना शिरणं आणि आग लावणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे वाक्य वासोट्यावरच्या प्रत्येक लेखात हवं आणि ते लेखाच्या तळाशी टीप म्हणून नको. वासोट्याच्या बाबुकड्याचं वर्णन वाचून माणूस भारावलेला असतो त्याच ओळींच्या शेजारी हवं. तिथे ते लक्षात राहतं.

काही गोष्टी मात्र कितीही प्रसिद्ध डोंगर असला तरी राखायच्या. कंदीलपुष्प या दुर्मिळ रानफुलाची नेमकी जागा. आमरीची, म्हणजे ऑर्किडची, जागा. गिधाडांची आणि ससाण्याची घरटी. देवराईतल्या ज्या भागात गावकरी स्वतःही एरवी जात नाहीत तो भाग. कंदीलपुष्पाचे कंद उकरून नेणारे लोक आहेत, आणि त्यांना तुमचा लेख वाचायला तुमच्या चांगल्या वाचकाइतकाच वेळ असतो.

याच्या बरोबर उलट, धोक्याच्या बाबतीत हात राखून लिहिणं हा मी अपराध मानतो. पाणी कुठे आहे आणि कोणत्या महिन्यापर्यंत टिकतं, शेवटचं टाकं पिण्याजोगं आहे का, वाट कुठे चुकते, परतीला उशीर झाला तर कुठून लवकर उतरता येतं, मोबाइलला रेंज कुठपर्यंत आहे, सगळं सांगा. 'सोपा ट्रेक' हे शब्द वापरू नका. तुम्हाला सोपा, पण वाचणारा कोण आहे ते तुम्हाला दिसत नाही. 'पायथ्यापासून माथा दोन तास, दुसऱ्या टप्प्यावर वीस पावलांचा घसारा, डाव्या हाताला दरी उघडी, पावसात तिथे दोर लागतो' असं लिहिलं की प्रत्येकाला स्वतःचं माप कळतं. नाळ, घळ, सोंड, दांड, पदर, खिंड हे शब्द जपून वापरा. ज्याला तुम्ही सोंड, म्हणजे उतरती धार, म्हणालात ती प्रत्यक्षात नाळ, म्हणजे पाण्याची अरुंद वाट, निघाली तर जुलैच्या पावसात वाचणारा माणूस धोंडे आणि लोंढा येण्याच्या जागी उभा असेल. महाबळेश्वर-सातारा भागात दरीत पडलेल्यांना वर काढायला जे तरुण दोर घेऊन उतरतात ते इथलेच, हातची कामं टाकून आलेले असतात. तुमच्या एका ढिसाळ वाक्याचा भार त्यांच्या खांद्यावर पडू शकतो.

आग्या मोहोळाचं वेगळं सांगायला हवं. आपल्या कड्यांवर, गडांच्या दरवाज्यांवर, चिंचोळ्या खिंडींत ती लटकलेली असतात. धूर, अत्तर, आरडाओरडा, कड्यावरून सोडलेला दगड, यांपैकी काहीही पुरतं. एक माशी डसली की तिच्या नांगीबरोबर सुटणारा वास बाकीच्यांना बोलावतो, म्हणून तिथे थांबून हात झटकत बसणं जिवावर बेततं. चेहरा झाकून, पाय घसरणार नाही अशा बेताने तिथून लांब पळणं हाच उपाय. या हंगामात कोणत्या कड्याला पोळी आहेत हे लिहिलंत तर लेखातल्या बाकी सगळ्या माहितीपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

आता लिहावं कसं. माझा पहिला सल्ला तुम्हाला बहुधा आवडणार नाही: वर्षभर नवीन डोंगर नको. एकच निवडा, घराजवळचा. साताऱ्यात राहता म्हणजे अजिंक्यतारा आहे, यवतेश्वर आहे, जरंडेश्वर आहे. ज्यावर सकाळी कितीतरी सातारकर फिरायला जातात त्या अजिंक्यताऱ्यावर नवं काय लिहिणार, असं मनात येईल. जा आणि दर पंधरवड्याला त्याच वाटेने चढा. पहिल्या पावसानंतर आठवड्याभरात उतारावर पांढरी मुसळी वर येते, तेव्हा गवत अजून बोटभरही नसतं. श्रावणात तेरडा, भाद्रपदात सोनकी. दिवाळीनंतर गवत पिवळं पडतं आणि कुसळं मोज्यांत शिरतात. माघ-फाल्गुनात काटेसावर, पांगारा, पळस पानं टाकून फुलतात आणि त्यांच्यावर साळुंक्या-कोतवालांचा बाजार भरतो. चैत्रात करवंदं. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते. तुमच्या डोंगरावर ती कोणत्या साली फुलली एवढी एक नोंद तुम्ही केलीत, तरी पुढच्या फेरीला ती कुणाच्या तरी कामी येईल. नैर्ऋत्येला सज्जनगड, उत्तरेला चंदन-वंदन किल्ल्यांची जोडी, कोणत्या महिन्यात किती स्वच्छ दिसते तेही टिपा. हवेतली धूळ, वणव्याचा धूर, पावसाची चाहूल, सगळं त्यातून कळतं.

असं वर्ष काढलंत की 'हिरवा शालू', 'धुक्याची दुलई', 'निसर्गाने केलेली मुक्त उधळण' हे शब्द आपोआप गळतील. हे शब्द कोणत्याही डोंगराला चालतात, म्हणून तुमच्या डोंगराबद्दल ते काहीच सांगत नाहीत. 'धबधबा मन मोहून घेत होता' यापेक्षा 'वारा दरीतून वर येत होता, त्यामुळे पाणी निम्म्यातूनच माथ्याकडे उडत होतं आणि काठावरचं गवत दिवसभर ओलं राहत होतं' हे लिहा. यात तुमचं मन आलं नाही असं वाटेल, पण वाचणाऱ्याचं मन तिथे पोचतं.

एकाच जागी पुन्हा पुन्हा जाण्याचा आणखी एक फायदा चाळकेवाडीच्या उदाहरणावरून सांगतो. त्या पठारावरच्या पवनचक्क्यांवर आजवर जे लिहिलं गेलं ते बहुतेक 'दृश्य बिघडलं' या एका तक्रारीचं. मात्र तिथे काही संशोधकांनी चक्क्या असलेली आणि नसलेली जागा ताडून पाहिली, आणि त्यांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी फार कमी आढळले. तिथे गळ्याखालचा रंगीत पंखा उघडून माद्यांना खुणावणारा एक सरडा आहे. खाणारे पक्षी कमी झाल्यावर त्या सरड्यांची संख्या वाढली, त्यांची भीती कमी झाली, माणूस पार जवळ येईपर्यंत ते पळेनात. दाटी वाढल्यामुळे अंगाने ते काहीसे खंगलेले होते आणि नरांच्या पंख्याचा रंगही फिका पडला होता. विचार करा, वाऱ्यावर फिरणारं पातं आणि जमिनीवरच्या सरड्याच्या गळ्याचा रंग यांचा असा संबंध! हे गाडीतून उतरून अर्धा तास थांबणाऱ्याला दिसणार नाही. आपल्या लिखाणात असले संबंध यायला हवेत. ते शोधायला शास्त्रज्ञच असावं लागतं असं नाही, पण पुष्कळदा तिथे बसावं मात्र लागतं. आणि शास्त्रज्ञांनी केलेलं काम शोधून वाचावं लागतं. आपल्या जिल्ह्यावर झालेलं संशोधन आपल्याच लोकांपर्यंत मराठीत पोचत नाही, ही खंत मला कायम आहे. तुम्ही ते पोचवलंत तरी मोठं काम होईल.

माण-खटावकडेही बघा. महिमानगड, वर्धनगडाच्या अंगाचे उघडे डोंगर आणि माळ यांवर कुणी लिहीत नाही, कारण ते आठ महिने तपकिरी असतात. लांडगा, खोकड, धाविक, चंडोल यांचं ते घर आहे. हिरवं तेवढंच रान, ही समजूत लेखकांनीच पसरवली आणि तिच्यामुळे माळ 'पडीक' ठरून त्यावर वाटेल ते होतं.

कड्यावरच्या चढाईबद्दल लिहिताना विजयाची भाषा टाळा. 'सुळका सर केला', 'कड्याला नमवलं' असं लिहून वाचकाला काहीच मिळत नाही. निर्णय सांगा. आपला खडक साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे एकावर एक थर आहे. दोन थरांच्या मधे कुठे कुठे लाल मातीचा पट्टा असतो. तो पट्टा ठिसूळ, तिथली पकड हातात येते, मेख धरत नाही, आणि आडवा ट्रॅव्हर्स नेमका तिथूनच जातो कारण झीज होऊन तिथे पायापुरती जागा झालेली असते. पुढे गेलेल्या माणसाने तिथे काय विचार केला, मागे दोर सांभाळून बिले देणाऱ्याला काय दिसत होतं, परत फिरायचं कशावरून ठरलं, हे लिहा. माघारीवर लिहिलेल्या लेखांतून मी चढाई जास्त शिकलो आहे.

कड्यावर काय मागे ठेवलंत तेही लिहा: किती बोल्ट, म्हणजे खडकात भोक पाडून कायमच्या बसवलेल्या खुंट्या, मारले, कुठे, का. याबद्दल एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. अमेरिकेत योसेमिटीच्या ग्रॅनाइट भिंतींवर मेखा ठोकून आणि काढून भेगांची तोंडं फुटत चालली होती. यव्हॉन शुइनार्ड हा स्वतः अशा मेखा बनवून विकणारा माणूस. त्याने १९७२ साली आपल्या सामानाच्या किंमतयादीतच मेखांच्या विरोधात भूमिका घेतली, आणि त्यात डग रॉबिन्सन या गिर्यारोहकाचा एक मोठा लेख छापला. मेख ठोकण्याऐवजी भेगेत हाताने अडकवायचे आणि तसेच काढायचे धातूचे तुकडे कसे वापरायचे, याचं ते शिक्षण होतं. तिथल्या चढाईची रीत त्यानंतर झपाट्याने बदलली. म्हणजे एका लेखाने कडा वाचतो, हे घडलेलं आहे. पण तो लेख का चालला हे बघा. त्यात कड्याच्या सौंदर्याचे उसासे नव्हते, हाताला करायचं दुसरं काम दिलेलं होतं. आपल्या ठिसूळ बेसाल्टवर बोल्टशिवाय सगळीकडे भागत नाही हे मान्य. तरी कोणता बोल्ट गरजेचा आणि कोणता सोयीचा, याची चर्चा मराठीत व्हायला हवी. ती चढणाऱ्यांनीच करायची आहे.

घरट्यांचा मुद्दा इथेच येतो. आपला चढाईचा हंगाम दिवाळीनंतर होळीपर्यंत, आणि कड्यावर लांब चोचीचं गिधाड घरटं करतं तेही याच महिन्यांत. मादी वर्षाला एकच अंडं घालते. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकमुळे ही जात जवळजवळ संपली, २००६ साली त्या औषधावर बंदी आली, पण जे उरले त्यांना एका हंगामाचं नुकसानही परवडत नाही. कड्यावर पांढऱ्या विष्ठेचे ओघळ दिसले, पक्षी पुन्हा पुन्हा त्याच कपारीत जाताना दिसला, तर मोहीम पुढे ढकला आणि ढकलली असं लिहा. जागा न सांगता.

माणसांबद्दल. 'मानवी स्पर्श न झालेलं जंगल' असं कोयनेच्या खोऱ्याबद्दल लिहू नका, ते खरं नाही. वासोट्याच्या पायथ्याला मेट इंदवली हे गाव होतं. शिवसागरात कितीतरी गावं गेली, नंतर अभयारण्यामुळे आणखी उठली. जंगलात जोती, पडक्या देवळाचे दगड, कुणीतरी लावलेले आंबे-फणस दिसतात. २००४ साली चांदोली राष्ट्रीय उद्यान झालं, २०१० मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. आज जे घनदाट रान आपण डोळे भरून पाहतो, त्याची किंमत काही लोकांनी घरदार सोडून चुकवली आहे. त्यांची पुढची पिढी इथेच खाली वसाहतींत राहते. त्यांना भेटा, जुन्या वाटांची नावं विचारा. वाट दाखवणाऱ्याला ठरवून पैसे द्या, आणि त्याचं नाव लेखात घालायचं तर त्याला विचारून घाला. धनगरवाड्यावर प्यायलेल्या ताकाचं कौतुक सगळे लिहितात. त्या वाड्याला रस्ता नाही, पोरीची शाळा पाचवीला सुटली, हेही त्याच पानावर यायला हवं, नाहीतर ते कौतुक खोटं पडतं.

लिहिल्याने डोंगराचं भलं होतं का? नुसत्या लेखाने क्वचित. सांगली जिल्ह्यातलं सागरेश्वर बघून या. उघड्याबोडक्या डोंगरावर झाडं लावून, जगवून, त्यात हरणं आणून उभं केलेलं ते अभयारण्य आहे. धों. म. मोहिते यांनी त्यासाठी आयुष्य वेचलं. तिथे वर्णनांनी नाही, खड्ड्यांनी आणि पाण्याने जंगल झालं. पण त्यामागे किती अर्ज, निवेदनं आणि पाठपुरावा लागला असेल याची कल्पना करा. वनक्षेत्रपालांना लिहिलेला नेमका अर्ज, तारीख आणि सर्व्हे नंबरासकट, हेही डोंगरावरचंच लिखाण आहे असं मी मानतो. सड्यावर गाड्या चढतात, अमुक उतारावर तीन वर्षं लागोपाठ वणवा लागला, नाल्यात बाटल्यांचा ढीग आहे, हे पोच घेऊन द्या.

आणखी एक जागा लिहिणाऱ्यांची वाट बघते आहे. जैवविविधता कायदा २००२ सालचा. त्याप्रमाणे ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. गावातली झाडं, गवतं, मासे, पाखरं, औषधी, बियाणं, देवराई, आणि त्याबद्दल जाणत्या लोकांना ठाऊक असलेलं सगळं. मी चाळलेल्या काही नोंदवह्या घाईने भरलेल्या होत्या, दोन गावांची यादी अक्षरशः एकच. तुम्ही धबधब्याच्या खालच्या गावात जा. सरपंच, समितीतले लोक, ग्रामसेवक यांच्याशी बोला, ती वही मागा. मग गुरं वळणाऱ्या म्हाताऱ्याबरोबर वर्षभर सड्यावर फिरून, तो सांगेल त्या नावांनी ती भरायला मदत करा. ही वही गावाची आहे, वाचक थोडे, टाळ्या नाहीत. पण उद्या त्या सड्यावर रिसॉर्ट किंवा खाण आली तर गावाच्या हातात दाखवायला कागद असेल.

वणव्याचं काम तर याच वर्षी करता येईल. गवत जाळलं की पुढच्या वर्षी चांगलं येतं ही समजूत अजून घट्ट आहे. जळतात ती लावे-तित्तिरांची लपणं, रोपं आणि मातीवरचा पालापाचोळा. मग पहिल्या वळवात उघडी माती खाली येते. माघ संपायच्या आत गावकरी आणि वनरक्षक मिळून जाळरेषा काढतात, म्हणजे गवताचा पट्टा आधीच साफ करून आग पुढे सरकणार नाही असं करतात. तुमच्या गटाला त्या दिवशी वर पाठवा, विळे आणि झाडाच्या ओल्या डहाळ्या घेऊन. वनरक्षकाला आधी फोन करून जा, आपल्या मनाने काहीही पेटवू नका.

हे सगळं करताना वर्ष जाईल आणि तुमच्याकडे लिहायला खूप काही जमेल. मग सड्यावरचा लेख लिहा. नाव न देता लिहिलात तरी तो भरीव होईल, कारण त्यात वाट नसली तरी जागा असेल. छापायला देण्याआधी तो त्या गावात नेऊन मोठ्याने वाचून दाखवा. एखादं नाव, एखादी खूण, एखादा फोटो काढा म्हणाले तर काढा. आणि गावाने एकत्र बसून ठरवलं की आता लोक येऊ देत, पोरांना काम मिळू दे, आम्ही पावती फाडू, गाड्या खालीच थांबवू, दिवसाला एवढेच सोडू, तर त्यांनी सांगितलेल्या नियमांसकट वाटही छापा.